अण्णांचे अकरा सेकंद

कागदोपत्री त्याचं नाव वेगळं होतं, पण 'रिटेक' हे नाव खुद्द आईनेच ठेवलं आणि तेच चिकटलं. कॅमेरा नवा होता, म्हणजे कुणाचा तरी जुना होता पण याच्याकडे नवा होता, आणि खिडकीतल्या उन्हात चहाची वाफ कशी दिसते ते त्याला टिपायचं होतं. आईने कपात चहा ओतला. वाफ मनासारखी आली नाही. "आई, परत एकदा." तिने परत ओतला. असं सहा वेळा झाल्यावर आई म्हणाली, "अरे रिटेक्या, हा चहा कुणी प्यायचाय की नुसता बघायचाय?" तेव्हापासून घरात रिटेक, गल्लीत रिटेक, आणि पुढे कामाच्या ठिकाणीही रिटेकच. लोकांना वाटायचं, हे नाव त्याने स्वतःच झोकात घेतलंय.

शिकला तो टीव्हीच्या दुकानात. म्हणजे तिथे त्याला कुणी शिकवलं नाही, तो तिथे नोकरीला होता. भिंतभर बावीस टीव्ही, आणि मालकाचा दंडक असा की चित्र चालू, आवाज बंद. दिवसभर त्या बावीस पडद्यांवर गाण्यांचे व्हिडिओ मुकाट चालायचे. गिऱ्हाईक नसलं की हा काउंटरवर बोटं आपटत मोजायचा. चित्र कितव्या बोटाला बदललं, चेहरा किती मोजेपर्यंत राहिला, हात कुठे दाखवले. असं सहा वर्षं केलं. शेवटी शेवटी तो आवाज न ऐकता नुसत्या चित्रावरून गाण्याचा ठेका सांगायचा आणि मालक पैज लावून हरायचा.

पुढे नोकरी सोडून त्याने वाढदिवसांची, बक्षीस समारंभांची शूटिंग केली, हौशी गायकांचे व्हिडिओ केले. उजेड अडवायला चादरीवर शिकला, उजेड उसळवायला थर्मोकोलवर. पण पूर्ण झालेल्या व्हिडिओत जेवढं दिसतं तेवढंच बघून बघून शिकणाऱ्याला कळतं. तो व्हिडिओ कोणी कोणाच्या हातातून कसा काढून घेतला, हे काही पडद्यावर येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्या रिटेकचं घोडं पेंड खाणार आहे ते इथेच.

अण्णा, म्हणजे त्याचे वडील, मालट्रकांचं वजन करणाऱ्या काट्यावर एकतीस वर्षं कारकून होते. कमी बोलायचे आणि बोलले तर काट्यावरचा आकडा वाचल्यासारखं. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की सांगायचे, "टीव्हीच्या दुकानात असतो." दुकान सोडून रिटेकला नऊ वर्षं झाली होती. दुकानही बंद पडून तिथे चष्म्याचं दुकान आलं होतं. तरी अण्णांच्या लेखी मुलगा तिथेच काउंटरमागे उभा होता. भांडण असं त्यांनी कधी केलं नाही. मुलाने केलेला व्हिडिओ आई मोबाइलवर लावायची तेव्हा ते उठून झाडांना पाणी घालायला जायचे. कुंड्या तीन होत्या आणि त्यांना दिवसातून चारदा पाणी मिळायचं.

अशात त्याला एका मोठ्या संगीत कंपनीचं काम मिळालं. गायिका नावाजलेली. गाणं घर सोडून गेलेल्या मुलीचं. रिटेकने जी कल्पना मांडली ती साधी होती: मुलगी परक्या शहरात रस्त्याने गात चालली आहे, आणि इकडे रिकाम्या घरात तिचा बाप सवयीने टेबलावर दोन ताटं मांडतो, मग आठवतं, आणि एक उचलून ठेवतो. बस. कंपनीच्या मॅडमना कल्पना फार आवडली. हे जमलं तर पुढची दोन गाणीही तुमचीच, असं त्या म्हणाल्या आणि ते करारातही लिहिलं. रिटेक त्या दिवशी घरी चालत आला, बसमध्ये बसायचं त्याला सुचलंच नाही.

शूटिंगला चौथ्या मजल्यावरचा एक रिकामा फ्लॅट भाड्याने घेतला होता. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुपारी तीन ते पाच असं सरळ ऊन यायचं, आणि रिटेकला तेच ऊन हवं होतं. गायिकेचं काम आदल्या दिवशी रस्त्यावर आटोपलं होतं. आज फक्त म्हातारा बाप. आणि दोन वाजता त्या म्हाताऱ्या नटाचा फोन आला की त्यांना एका मालिकेत आजोबांचं काम मिळालंय, वर्षभराचं, तेव्हा माफ करा.

"आता?" कॅमेरामन म्हणाला. याला सगळे दाढी म्हणायचे, आणि त्याला पाहिल्यावर का ते विचारावं लागत नसे. "तीन वाजता ऊन येणार. पाचला जाणार. फ्लॅट उद्या दुसऱ्याला दिलाय."

"माहीत आहे रे."

"तुझ्या वडिलांना बोलव."

"वेडा आहेस का? माझा व्हिडिओ लागला की ते कुंड्यांना पाणी घालतात."

"मग व्हिडिओ बघू नका म्हणावं. नुसते या."

रिटेकने आईला फोन केला, अण्णांना करायची हिंमत नव्हती. आईने काय सांगितलं कोण जाणे. पावणेतीनला अण्णा चार जिने चढून धापा टाकत दारात उभे. अंगात घरातलाच शर्ट, हातात चष्म्याची डबी.

"मला काय बोलायचंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही अण्णा. गप्प राहायचं."

"मग जमेल. घरी तेच करतो."

दाढी हसला. रिटेकला हसू आलं नाही. वडिलांना 'असे उभे राहा, तिकडे बघा' असं सांगायची त्याला आयुष्यात सवय नव्हती. शेवटी त्याने त्यांना फक्त ताटं कुठे आहेत ते दाखवलं.

आता यात एक गंमत असते. गाणं दुप्पट वेगाने लावायचं, कॅमेऱ्याने सेकंदाला दुप्पट चित्रं टिपायची, आणि नंतर सगळं निम्म्या वेगाने दाखवायचं. गाणं आपल्या मूळ चालीत येतं, माणूस मात्र पाण्यातून चालल्यासारखा हळू हलतो. ही युक्ती रिटेकने कुणाला न विचारता, स्वतःची स्वतः शोधून काढली होती. जगाला ती पन्नास वर्षं माहीत आहे, हे त्याला मागाहून कळलं. म्हाताऱ्याला ओठ हलवायचे नव्हते, तरी हालचाल ठेक्यात बसावी म्हणून त्याने दुप्पट वेगाचं गाणं लावलं.

"हे गाणं आहे की मिक्सर लागलाय?" अण्णा म्हणाले.

"तिकडे लक्ष देऊ नका. तुम्ही आपलं ताट उचला."

ऊन टेबलावर आलं. दाढीने मान हलवली. अण्णांनी दोन ताटं मांडली. शेजारी वाट्या ठेवल्या, त्या सरळ केल्या. मग दुसऱ्या ताटाकडे बघत उभे राहिले. उचललं. आणि ठेवायला वळण्याआधी, कुणीही सांगितलं नसताना, त्यांनी ते कोरडं, स्वच्छ, न वापरलेलं ताट शर्टाच्या टोकाने पुसलं. एकदा मधे, एकदा कडेने. मग रॅकमध्ये ठेवलं.

रिटेक 'कट' म्हणायचं विसरला. दाढीने आपणच कॅमेरा बंद केला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

"परत करू?" अण्णांनी विचारलं.

"नको," रिटेक म्हणाला. "झालं."

नऊ वर्षांत त्याने पहिल्यांदाच दुसरा टेक मागितला नाही. अण्णांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की झालं ना, नाहीतर मी थांबतो. त्यांना खाली रिक्षात बसवून रिटेक वर आला आणि त्या रिकाम्या फ्लॅटच्या न्हाणीघरात जाऊन पोटभर रडला. पडद्यावर ते सगळं मिळून अकरा सेकंद भरत होतं.

आणि मग अण्णा बदलले. दुसऱ्याच दिवशी किराणावाल्याला म्हणाले, "काल आमचं शूटिंग होतं." 'आमचं' हा शब्द आईने येऊन रिटेकला दोनदा सांगितला. टीव्हीवरच्या नटांवर ते मत देऊ लागले. "हा फार करतो. करायचं नसतं. नुसतं ताट उचलायचं." परगावच्या बहिणीला, रिटेकच्या आत्याला, स्वतः फोन लावला, एरवी तिचा फोन आला तर ते तिसऱ्या मिनिटाला रिसीव्हर आईकडे देत. काट्यावरचे त्यांचे जुने सोबती होते, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांना सांगितलं. केस कापायला गेले तिथे सांगितलं. आणि प्रत्येक ठिकाणी, आई म्हणाली, एक वाक्य पुढे जोडतात: "मुलगा दिग्दर्शक आहे माझा."

ते वाक्य ऐकलं आणि रिटेकच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. पुढची दोन गाणी मिळोत न मिळोत, हे अकरा सेकंद लोकांसमोर गेले पाहिजेत.

त्याने बारा दिवस बसून व्हिडिओ जोडला. बोटं आपटत, मोजत. तेराव्या दिवशी मॅडमचा फोन आला. फार छान बोलायच्या त्या. म्हणाल्या, सगळं चित्रण असलेली मूळ हार्ड डिस्क एकदा ऑफिसला ठेवून जा ना, सुरक्षित राहील, तुमच्या घरी काही झालं तर? रिटेकला ही आपुलकी वाटली. तो त्याच संध्याकाळी बसने जाऊन डिस्क देऊन आला आणि वर आभारही मानले. दाढीला कळलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला.

"मूळ डिस्क? शेवटची मंजुरी यायच्या आधी? अरे, हे कुणी करत नाही! आता ते तुला न विचारता हवं तसं कापतील!"

"मला कुणी सांगितलंच नाही."

"हे कोण सांगणार? हे माहीतच असतं!"

माहीत असतं त्यांना, जे कुणाच्या तरी हाताखाली शिकलेले असतात. टीव्हीच्या दुकानात बावीस पडद्यांपैकी एकावरही कधी हार्ड डिस्क दिसली नव्हती. करारात 'अंतिम जोडणीचा अधिकार कंपनीकडे राहील' अशी ओळ होती, तीही रिटेकने वाचली होती, पण त्याला वाटलं होतं, असं लिहायची पद्धत असेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवड्याने मॅडमनी बोलावलं. पाचव्या मजल्यावर काचेची खोली होती आणि तिथला सोफा इतका खोल की बसलेल्या माणसाचे गुडघे छातीशी यायचे. रिटेक तसा बसला. समोरच्या पडद्यावर एक आलेख होता.

"आम्ही दोनशे लोकांना दाखवून बघितलं," मॅडम म्हणाल्या. "ही रेघ बघा. गायिका आहे तोवर सगळे बघतात. सत्तेचाळीसाव्या सेकंदाला म्हातारा येतो, आणि बघा कशी पडते. निम्मे लोक पुढे जातात."

रिटेकने रेघ बघितली. खरंच पडली होती, जिन्यावरून घसरल्यासारखी.

"मला स्वतःला तो शॉट फार आवडला," त्या म्हणाल्या, आणि खोटं बोलत नव्हत्या. "मी रडले, विचारा आमच्या ऑफिसात. पण लोक म्हातारी माणसं बघत नाहीत हो. मी काय करू? गायिकाबाईंनी एक सकाळ दिली, दुसऱ्या एका दिग्दर्शकाकडून आम्ही त्यांचा जिन्यावरचा नाच करून घेतलाय. तो बसवलाय त्या जागी. दिग्दर्शक म्हणून नाव तुमचंच."

"ते माझे वडील आहेत," रिटेक म्हणाला.

"अरे बापरे," त्या म्हणाल्या. "सॉरी."

आरडाओरडा केला असता, हाकललं असतं, तर माणसाला निदान चिडता येतं. इथे समोरची बाई सॉरी म्हणत होती आणि पाण्याचा ग्लास पुढे करत होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण इथे पाय धरायला गाढवही नव्हतं. रिटेकने घासाघीस सुरू केली.

"अकरा सेकंद जाऊ द्या, आठ ठेवा."

"आठ खूप होतात."

"चार. फक्त ताट पुसतात तेवढं."

"आलेख बघा ना तुम्हीच."

"दोन सेकंद, मॅडम. चेहरा ओळखू आला की पुरे. वडिलांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"दोन सेकंदांचं मी विचारते," त्या म्हणाल्या. "वचन नाही देत. आणि तुम्हाला तुमचं नाव काढून घ्यायचं असेल तर तोही हक्क आहे तुम्हाला. पण मग पुढची दोन गाणी…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही आणि संमतीचा कागद टेबलावर सरकवला.

इथे कुणी म्हणेल, कागद फाडून उठायचं होतं. म्हणणाऱ्याचं काय जातं! नऊ वर्षं ज्याने वाढदिवसांचे केक टिपले त्याला विचारा. नाव काढून घेतलं तर अण्णाही जात होते आणि नावही. ठेवलं तर निदान 'मुलगा दिग्दर्शक आहे' एवढं खरं राहत होतं. त्या खोल सोफ्यातून पुढे वाकून सही करायला त्याला दोन हातांचा आधार घ्यावा लागला.

घरी सांगायचं त्याने ठरवलं. तीनदा ठरवलं. पहिल्यांदा तो अण्णांच्या खोलीत गेला तर ते आत्याला फोनवर सांगत होते, "पहिल्यापासून बघ गं, मी मधे आहे. पुढे ढकलू नकोस." तो तसाच मागे फिरला. दुसऱ्यांदा त्याने सुरुवात केली, "अण्णा, ते कंपनीवाले कधी कधी थोडंफार कापतात…" अण्णा म्हणाले, "कापणारच. फालतू असेल ते कापायलाच हवं." आणि समाधानाने पेपर उघडला. तिसऱ्यांदा त्याने आईला गाठलं, पण ती अण्णांचा निळा शर्ट इस्त्री करत होती. शुक्रवारी घालायचाय म्हणाले, ती सांगत होती. घरात बसून व्हिडिओ बघायला इस्त्रीचा शर्ट, बघ बाई! बोलताना ती इतकी खुशीत होती की त्याने विचारलं, "इस्त्री गरम झाली का?" आणि निघून आला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती.

गुरुवारी दुपारी कंपनीकडून अंतिम व्हिडिओ आला. रिटेकने तो एकेक चित्र पुढे सरकवत बघितला. दोन सेकंद नव्हते. एकही नव्हता. फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी एक सेकंदभर होती, तिच्यात ऊन होतं, टेबलाचा कोपरा होता, आणि लगेच जिन्यावरचा नाच सुरू होत होता. शेवटी पांढऱ्या अक्षरांत, 'दिग्दर्शन' या शब्दाखाली त्याचं नाव होतं. कागदावरचं.

शुक्रवारी सकाळी अकराला व्हिडिओ येणार होता. पावणेअकराला अण्णा निळा शर्ट घालून, केसाला पाणी लावून टीव्हीसमोर बसले. आई शेजारी बसली. रिटेकने आपला लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडला.

"टीव्हीवर नुसतं लागत नाही का?" आईने विचारलं.

"असं जास्त चांगलं दिसतं," तो म्हणाला.

त्याने आपला व्हिडिओ लावला. कंपनीचा नव्हे, त्याने स्वतः बारा दिवस बसून जोडलेला. यापुढचं काही त्याने योजलं नव्हतं. एवढी सकाळ निभावून न्यायची, मग पुढचं पुढे बघू, इतकंच. बुडणारा माणूस कुठे पुढचा विचार करतो?

गायिका रस्त्याने चालू लागली. सत्तेचाळीसाव्या सेकंदाला स्वयंपाकघर आलं. अण्णा पुढे सरकून बसले. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने दोन ताटं मांडली, वाट्या सरळ केल्या, थांबला. ताट उचललं. शर्टाच्या टोकाने पुसलं, आणि निम्म्या वेगामुळे ते पुसणं संपतच नव्हतं. आईने पदर तोंडाला लावला.

व्हिडिओ संपला.

"हा माणूस," अण्णा पडद्याकडे बघतच म्हणाले, "मला माहीत नव्हता." मग चष्मा काढून पुन्हा लावला. "परत लाव."

त्याने परत लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा अण्णांनी मधेच बोट वर केलं. "थांबव. इथे थांबव." पडद्यावर ताट हातात धरलेले अण्णा थांबले, आणि खुर्चीतले अण्णा त्यांच्याकडे बघत बसले. "ताट का पुसलं मी?" ते स्वतःशीच म्हणाले. "तू गाव सोडून शिकायला जाणार होतास ना, बारावीनंतर. मग गेला नाहीस. जायचं ठरलं होतं त्या दिवसांत तुझी आई तुझं ताट असंच पुसत बसायची." आई म्हणाली, "काहीतरीच! मी कशाला पुसू?" पण ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. रिटेकला वाटलं, आत्ता सांगावं. या क्षणी सांगितलं तर ते समजून घेतील. त्याने तोंड उघडलं.

फोन वाजला. आत्या होती. अण्णांनी मोठ्या ऐटीत स्पीकर चालू केला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"दादा, बघितलं रे," आत्या म्हणाली.

"मग? कसं वाटलं?"

"छान आहे. पण मी तीनदा बघितलं. नातीलाही बघायला लावलं. तू कुठेच नाहीस रे त्यात. एक मुलगी आहे, ती जिन्यावर नाचतेय. दुसराच लावलाय का आम्ही?"

रिटेकच्या हातात लॅपटॉप होता आणि तो अजून उघडाच होता. अण्णांनी पडद्यावरच्या स्वतःकडे बघितलं. मग लॅपटॉपकडे. मग मुलाच्या चेहऱ्याकडे, आणि तिथे त्यांना जे काय दिसलं ते पुरेसं होतं. रिटेकने मान खाली घातली. लहानपणी मार खायच्या आधी घालायचा तशी.

"नाही गं, बरोबर लावलाय," अण्णा फोनमध्ये म्हणाले. आवाज नेहमीचा होता. "मीच काढायला लावलं."

"अगं बाई! का रे?"

"मला स्वतःला बघवेना. चारचौघांत कशाला ते? हा नाही म्हणत होता. खूप भांडला माझ्याशी. म्हणाला, माझ्या व्हिडिओतलं मी काढणार नाही. पण बापापुढे काय चालणार याचं?"

"तू पण ना, दादा! एवढं पोराने केलं आणि तू…"

"हो, हो. माझंच चुकलं. ठेवतो."

त्यांनी फोन ठेवला. आई एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती आणि हळूहळू तिलाही उमगत गेलं.

"अण्णा," रिटेक म्हणाला, "मी खूप सांगितलं त्यांना. दोन सेकंद तरी ठेवा म्हटलं."

"नाव राहिलं का तुझं?"

"राहिलं."

"पुढची दोन गाणी?"

"मिळतील."

"बरं." अण्णा उठले. पडद्यावर ते अजून ताट धरून उभे होते, त्यांनी तिकडे बघितलं नाही. आतल्या खोलीच्या दारात थांबून शर्टाची वरची बटणं सोडू लागले. पहिलं बटण लवकर सुटेना. "आता मास्तरचा फोन येईल. मग केस कापणाऱ्याचा पोरगा विचारेल, किराणावाला विचारेल. सगळ्यांना हेच सांगायचं. दोघांचं एकच आलं पाहिजे."

"अण्णा, मी खरं सांगतो लोकांना. तुमच्यावर कशाला…"

"काय खरं सांगणार? दिग्दर्शक आहे पण माझं कुणी ऐकत नाही, असं?" ते रागावले नव्हते. "मी सांगून बसलोय सगळ्यांना, दिग्दर्शक आहे म्हणून. आता तेवढं तरी राहू दे माझं."

आणि ते आत गेले. फोन पुन्हा वाजला. आई उठली नाही. फोन वाजत राहिला, आणि आतून अण्णांचा आवाज आला, "घे ना. तुझाच व्हिडिओ आहे."

रिटेकने फोन उचलला. पलीकडे मास्तर मोठमोठ्याने बोलत होते, अरे, अण्णा दिसला नाही, आम्ही चारजण चष्मे लावून बसलो होतो, काय झालं काय?

"अण्णांनीच काढायला लावलं, काका," रिटेक म्हणाला. "माझं ऐकलंच नाही त्यांनी."